फॉर्म भरायच्या पीडीएफ टूलसाठी मदत पाहिजे, नागपूरकरांनो थोडा हात लावा

नमस्कार मंडळी,

मानेवाडा रोडला आमच्या मंडळाची अभ्यासिका आहे, 9 कम्प्युटर आहेत, आणि जून-जुलै आला की अ‍ॅडमिशनचे, स्कॉलरशिपचे, भरतीचे फॉर्म भरायला पोट्ट्यापोट्टींची रांग लागते. ज्यांनी हे फॉर्म भरलेत त्यांना माहीतच आहे की सगळ्यात जास्त डोकं खाते ती फाइलची साइज. मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला स्कॅन करा आणि मग सांगितलेल्या केबीत बसवा. त्यासाठी आम्ही चार वर्षांपासून एक छोटं फुकट टूल वापरून राहिलो, एकट्या माणसाने बनवलेलं, जाहिराती नाहीत, नेट बंद असलं तरी चालतं. खरंच फार कामाचं आहे.

मागच्या महिन्यात आमच्याकडे शिकवायला येणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या मुलीने सहज म्हणून ते तपासलं. तर ते टूल उघडल्याबरोबर नवीन व्हर्जन शोधायला जातं ते साध्या एचटीटीपीवरून, त्यात शेवटचा एस, म्हणजे सिक्युअरवाला, नाहीच, आणि जी फाइल येते ती खरंच त्या डेव्हलपरची आहे का हे न बघता सरळ चालवतं, तेही अ‍ॅडमिनच्या परवानगीने. म्हणजे वायफायवर मधात कोणी बसला तर अपडेटच्या नावावर त्याला पाहिजे ते आत टाकता येतं. आम्हाला आधी पटलं नाही, तर तिने आमच्याच राउटरवर करून दाखवलं, अपडेटवर क्लिक केलं आणि स्क्रीनवर कॅल्क्युलेटर उघडला. नुसता कॅल्क्युलेटर, पण सगळे गप्प झाले, कारण त्याच मशीनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये त्या दिवशीच्या 17 जणांचे आधार पडले होते.

आणि चूक आमचीही आहे. विंडोजची ती निळी खिडकी येते ना, पब्लिशर अननोन म्हणून, तिथे "मोअर इन्फो" दाबा मग "रन एनीवे" दाबा हे आम्हीच पोरांना शिकवलं. घरी जाऊन ते दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरला पण तेच करणार.

आम्ही हे कुठे जाहीर टाकलं नाही, टूलचं नावही इथे देत नाही, भोक बुजायच्या आधी बोभाटा केला तर वापरणाऱ्यांचंच नुकसान. डेव्हलपरला खासगीत सविस्तर लिहिलं, स्टेप बाय स्टेप, सोबत स्क्रीनशॉट, आणि सुधारणा पण सुचवल्या की अपडेट एचटीटीपीएसवरून द्या, डिजिटल सही, म्हणजे फाइल खरंच तुमचीच आहे याची खूण, तपासल्याशिवाय फाइल चालवू नका, रोजच्या कामाला अ‍ॅडमिन मागू नका, डाउनलोडच्या बाजूला शा-256 चा आकडा लावा, म्हणजे फाइलचा ठसा, फाइल जरा बदलली की तो आकडाही बदलतो. दोन दिवसात उत्तर आलं. एचटीटीपीएस त्याच आठवड्यात झालं. गाडी अडली ती सहीवर.

ही सही म्हणजे टेंडर भरायला लागते ती डीएससी (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट) नाही, कोड साइनिंगचं सर्टिफिकेट वेगळं असतं, त्याचे पैसे दरवर्षी भरावे लागतात, आणि जून 2023 पासून त्याची की, म्हणजे सही करायची गुप्त चावी, हार्डवेअर टोकनसारख्या (पेनड्राइव्हसारखं छोटं यंत्र) सुरक्षित जागीच ठेवावी लागते, म्हणजे तो खर्च वेगळा. हा माणूस नोकरी करून रात्री हे काम करतो, एक रुपया कमवत नाही. दुसरं टूल घ्या असं काही जण म्हणाले, पण बाकीचे एकतर महिन्याचे पैसे मागतात नाहीतर तुमचा दाखला त्यांच्या सर्व्हरवर चढवायला लावतात.

नुसती सही आली म्हणजे झालं असंही नाही. 2017 मध्ये सीक्लीनर या कम्प्युटर साफ करायच्या सॉफ्टवेअरच्या 5.33 व्हर्जनमध्ये कंपनीच्या खऱ्या सहीसकट व्हायरस गेला होता, जवळपास 22.7 लाख कम्प्युटरवर, कारण घुसखोर सही व्हायच्या आधीच आत पोचले होते. आणि 2024 मध्ये एक्सझेड युटिल्स या लिनक्सवर फाइल लहान करायच्या फुकट टूलमधला चोरदरवाजा सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरला, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त काऊन लागून राहिला एवढ्या शंकेवरून. म्हणून पैशाइतकीच आम्हाला माणसं पाहिजेत.

वर्गणीचं टार्गेट 35,000 रुपयांचं आहे. त्यातून सर्टिफिकेट, टोकन आणि टेस्टिंगच्या मशीनसाठी दोन एसएसडी. 50 रुपये दिले तरी पावती मिळेल, हिशोब अभ्यासिकेच्या बोर्डावर दर शनिवारी लागेल, सर्टिफिकेटचे पैसे थेट भरणार, कोणाच्या हातात नाही. जुना लॅपटॉप चालू हालतीत असेल तर तोही द्या, फक्त देण्याआधी आपला डेटा काढून घ्या.

ज्यांना नेटवर्किंग, प्रोग्रामिंग येतं त्यांनी रविवारी सकाळी 10 ला या. नाही येत तरी या, इंग्रजीत नीट रिपोर्ट लिहून देणारा माणूस आम्हाला तितकाच लागतो, आणि मराठीत सूचना लिहिणारा पण. अभ्यासिकेत अजून सहा फुकट टूल आहेत, झिप उघडायचं, फोटो लहान करायचं, स्कॅनरचं, ते एकेक करून तपासायचेत. पावती काउंटरवर संध्याकाळी 5 ते 8 मिळते, लॅपटॉप आणाल तर चार्जर सोबत ठेवा, प्लगचे बोर्ड दोनच आहेत.