शुभे, भांडण पुरे

मुंबई, ८ जुलै २०२५

प्रिय शुभे,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे. साडेतीन वर्षं ना फोन, ना पत्र. तब्येत ठीक. पावसात गुडघा कुरकुरतो, तो तर तुझाच प्रताप.

शनिवारी चिआंग माईत आपल्या फुटबॉलच्या पोरींनी थायलंडला २-१ नं हरवलं, पाहिलंस? दोन्ही गोल संगीता बास्फोरचे, २८ व्या आणि ७४ व्या मिनिटाला. दुसऱ्या गोलनंतर मी अशी किंचाळले की खालच्या काकू घाबरून वर आल्या. उपासाचा साबुदाणा भिजत घालायचाही विसरले. आपण पात्रता फेरी जिंकून आशिया कपला चाललोय, शुभे! पात्रता फेरीतून पहिल्यांदाच! पुढच्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात. चार सामन्यांत चोवीस गोल केले, खाल्ला फक्त एक. आणि हरवलं कोणाला, तर ज्यांनी १९८३ च्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आपल्याला हरवलं होतं त्याच थायलंडला. सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाची स्पर्धा, आपण सलग पाच वेळा जिंकलो तेव्हा तू 'गल्लीतलं यश' म्हणायचीस. आता बोल.

जानेवारी २०२२ मी विसरलेले नाही. आशिया कपमध्ये नेरूळला इराणशी ०-०, आणि तीन दिवसांनी चायनीज तैपेईसमोर, म्हणजे तैवानसमोर, उभ्या करायला तेरा पोरीही उरल्या नाहीत. संघात करोना. स्पर्धा आपल्या घरची आणि आपणच बाहेर, इराणचा सामनासुद्धा पुसून टाकला. तू म्हणालीस, "या पोरींच्या नशिबातच नाही," आणि मी फोन आपटला. नशीब हा शब्द मला आजही सहन होत नाही. पण फोन आपटायला नको होता.

आता खरं कारण. शनिवार-रविवार मी परळला मुलींना शिकवते. त्यात एक गोलकीपर आहे, दहावीतली. तुझ्यासारखीच, चेंडू येण्याआधी डाव्या पायावर भार टाकते. राज्याच्या निवड चाचणीला न्यायचंय तिला, आणि आई नाही म्हणते. पोळीभाजी केंद्रात उभी असते बिचारी दिवसभर. मला म्हणाली, "ताई, गोल अडवून पोट भरतं का?" मी सांगितलं, संगीता सशस्त्र सीमा बलात नोकरीला आहे. तर म्हणे, "ती टीव्हीतली. तुमच्या ओळखीत कोणी आहे का?"

पण परवा पोरीचे हातमोजे हातात घेतले. तळवा फाटलेला, आणि काळ्या दोऱ्यानं इतका बारीक शिवलेला की टाके मोजावेत. कोणी शिवले विचारलं, तर "आईनं". दोन रात्री माझ्या डोळ्यासमोरून ते टाके हलत नाहीत. बाई तोंडानं नाही म्हणते, पण मोजे शिवते. तिला माझं नाही, तुझं ऐकायचंय. खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागलेली, स्वतःच्या पगारावर भावाचं शिक्षण केलेली बाई तिला समोर बसलेली दिसू दे.

भाऊजींची बदली रद्द झाली का? चिन्मयला कॉलेज कुठलं मिळालं? दोन्ही सविस्तर कळव, मला काहीच माहीत नाही.

शनिवारी रात्री भुसावळहून विदर्भ एक्सप्रेस पकड आणि दादरला उतर, मी फलाटावर असेन. तुझे जुने मोजे असतील तर आण. आणि भांडायचं असेल तर गाडीतून उतरल्यावर भांडू, तिथं चहा तरी मिळेल.

तुझीच,
बारा नंबर