धाकट्याच्या कॅमेऱ्याविषयी बाबांना

सेंदाई, जपान
ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

धाकट्याने नोकरीचा नाद सोडून आपल्या गावावर माहितीपट करायचं मनावर घेतलंय, हे आईकडून कळलं. तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "असल्या लोकांचं पोट कशावर चालतं?" प्रश्न रास्त आहे. दोन मिनिटांच्या फोनमध्ये उरकण्यासारखा मात्र नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

इथून बसने तासाभरावर यामागाता आहे. चहूकडे डोंगर, मध्ये भातखाचरं आणि फळबागा. करडईसुद्धा होते तिथे, पण तिचं नाव आहे ते फुलांपासून निघणाऱ्या लाल रंगासाठी. अशा आडबाजूच्या शहरात १९८९ पासून दर दोन वर्षांनी माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. आपल्या आनंद पटवर्धनांना १९९५ साली तिथे पारितोषिक मिळालं होतं. हा महोत्सव उभा करण्यात शिन्सुके ओगावा नावाच्या दिग्दर्शकाचा मोठा वाटा होता. त्यांची हकीकत कळली की तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

ओगावा सुरुवातीला कंपन्यांसाठी प्रचारपट काढणाऱ्या एका संस्थेत होते. पैसे देणाऱ्याला जे हवं तेच दाखवायचं, हे त्यांना सोसेना. ते बाहेर पडले. १९६६ मध्ये सरकारने टोकियोजवळ नारिताला विमानतळ जाहीर केला, तोही शेतकऱ्यांना न विचारता. तिथल्या सान्रिझुका भागातले शेतकरी जमिनी द्यायला तयार होईनात. ओगावा आपली माणसं घेऊन तिथे गेले आणि गावातच बिऱ्हाड करून राहिले. त्यांचा कॅमेरा उभा राहायचा तो शेतकऱ्यांच्या बाजूला, पोलिसांच्या ढालींसमोर. बायकांनी स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं, माणसं जमिनीखाली भुयारं खणून राहिली, ते सगळं त्यांनी टिपलं. १९६८ ते १९७७ या काळात त्या एकाच लढ्यावर सात चित्रपट झाले. विमानतळ १९७८ मध्ये सुरू झालाच. माझं विमान पहिल्यांदा उतरलं ते तिथेच.

त्या सातांतला मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो १९७३ चा, हेता या वस्तीवरचा. त्यात मारामारी जवळजवळ नाही. गावातली पोरं अटकेत आहेत आणि घरची मोठी माणसं बसून बोलताहेत. बोलणं रेंगाळतं, थांबतं, भलतीकडे जातं, पण ते मध्येच तोडलेलं नाही. आपल्या ओट्यावर तुम्ही आणि काका जसे बोलता तसंच. गावकऱ्याला आपलं म्हणणं त्याच्या चालीने पुरं करू देणारा कॅमेरा मी तोवर पाहिला नव्हता.

पुढे किमुरा मिचिओ या शेतकरी कवीच्या आग्रहावरून ही सगळी मंडळी यामागातातल्या मागिनो गावी राहायला गेली. खाचर कसायला घेतलं, स्वतः भात लावलं, पिकवलं. वर्षानुवर्षं हेच. १९८७ मध्ये चित्रपट पुरा झाला तो २२२ मिनिटांचा. बाबा, तुम्ही तो पाहायलाच हवा. भात निसवल्यावर फुलोरा येतो तो भाग आहे त्यात. एकच फूल पडदाभर दिसतं. हिरवं टरफल हळूच उघडतं, आतून पिवळट पुंकेसर बाहेर येऊन लोंबतात आणि टरफल पुन्हा मिटतं. एवढ्या वेळात त्या दाण्याचं काय ते ठरून जातं. फुलोऱ्यात थंडी पडली तर लोंबी पोचट का राहते, ते तिथे समजतं. त्याच गावची माणसं आपल्याच पूर्वजांच्या कथा त्यात वठवतात, अगदी वेशभूषेसकट.

त्याआधी १९८२ मध्ये डोंगरातल्या फुरुयाशिकी गावावर त्यांनी चित्रपट केला होता. थंड हवा खोऱ्यात कुठून शिरते आणि पीक कसं मारते हे कळावं म्हणून त्यांनी डोंगरदऱ्यांची प्रतिकृती करून तिच्यावरून पांढरा धूर सोडला. त्या चित्रपटाला १९८४ मध्ये बर्लिनला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं.

आता पोटाचं. उसनवारी, देणग्या आणि स्वतः लावलेले खेळ, यांवर ते चालले. चित्रपटगृहांच्या भरवशावर न राहता गावोगावी, विद्यार्थ्यांच्या, कामगारांच्या ओळखीने पडदा लावायचा, तिकिटं खपवायची. सगळे एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत. पगार असा कुणाला नव्हताच. ओगावा १९९२ मध्ये कर्करोगाने गेले तेव्हा मागे कर्जाचा डोंगर होता. हे तुमच्यापासून लपवून मला धाकट्याची वकिली करायची नाही. आणखी एक गोष्ट मला टोचते. त्या बिऱ्हाडात रांधणं-वाढणं बायकांच्या वाट्याला आलं, आणि त्या कष्टांचं श्रेय त्यांना नीटसं कधी मिळालं नाही. चित्रपट थोर आहेत, पण ही बाजू माफ करावीशी मला वाटत नाही.

तरीही मी धाकट्याच्या बाजूने आहे. आपल्या मावळात धरणं झाली, रस्ते झाले, जमिनी गेल्या, आणि त्याविषयी सांगायला नेहमी बाहेरची माणसं आली, अर्ध्या दिवसात परत गेली. हा तर घरचाच आहे. त्याला परत जायची घाई नाही.

म्हणून माझं असं म्हणणं आहे. कापणी तोंडावर आली असेल. या कापणीला त्याच्या हातात विळा द्या, मळणीपर्यंत सगळं करू द्या. कॅमेरा पुढच्या पेरणीपासून. वर्षभर घरी राहून त्याने एकाच खाचराचं चित्रण करावं. माइक आणि हार्ड डिस्कचे पैसे मी पाठवते. कर्ज काढायचं नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. पुण्याहून त्याचे दोस्त आले तर आई रांधेलच असं धरून चालायचं नाही. जेवणाचा खर्च आधी बाजूला काढायचा, भांडी त्यांनी घासायची, आणि पडद्यावर नावं येतील त्यांत आईचंही नाव असायला हवं. हे एवढं मान्य असेल तर दिवाळीच्या फोनवर सांगा. तोवर त्याला बोलू नका.

आईला नमस्कार. काकांनाही पत्र वाचून दाखवा.

तुमची,
थोरली