अपिलाचे साठ दिवस पळताहेत : कामगार निधीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाचा कामगार निधी जखमी कामगारांच्या भरपाईच्या दाव्यांसाठी काय करतो, हे इंदूरच्या मराठी मंडळींना नव्याने सांगायला नको. मिल बंद पडल्या तेव्हा ज्या घरांनी डबे पुरवले, त्यांचीच पुढची पिढी आज आपले अर्ज टाइप करून देते. रामबागेतल्या आजींचं दिवाळीचं पाकीट कधी चुकलं नाही. टिळकनगरच्या डॉक्टरांनी तर तारखांवर तारखा वाया जाऊनही फी न घेता साक्ष दिली. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

आता तातडीचं. पिथमपूरला प्रेस मशीनवर एका ऑपरेटरची उजव्या हाताची चारही बोटं गेली. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या (नोव्हेंबर 2025 मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, त्याआधीच्या अपघातांना तोच लागू) परिशिष्टात याला कमाईच्या क्षमतेचं 50 टक्के नुकसान धरलं आहे. वय 30, महिन्याचा पगार 15,000. त्याचे 60 टक्के गुणिले 207.98 (वयावरून ठरणारा गुणक), त्याचे निम्मे, म्हणजे 9,35,910 रुपये. पण हा माणूस पुन्हा प्रेसवर बसूच शकत नसेल, तर कमाईची क्षमता पूर्ण गेली असं धरून 18,71,820 होतात. डावा हात गमावलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने प्रतापनारायण सिंह देव प्रकरणात 100 टक्केच धरलं होतं.

भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांच्या निकालावर हायकोर्टात साठ दिवसांत अपील करावं लागतं. तिथे मात्र 'कमी मिळालं' एवढं म्हणून भागत नाही. कलम 30 खाली कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. डॉक्टरांची साक्ष बाजूला ठेवून टक्का लावला, व्याज चुकीच्या तारखेपासून धरलं, असं काही असेल तर अपील तग धरतं. मालकाला अपिलाआधी रक्कम भरल्याचा आयुक्तांचा दाखला जोडावा लागतो, पण पुढे तेच पैसे अडकून पडतात आणि कामगाराला वकील लागतोच.

मागच्या आवाहनाला ग्रुपवर नमस्काराचे हात भरभरून आले, पावतीपुस्तक मात्र जेमतेम अर्धं सरलं. बोलू नये, पण लागलं.

प्रमाणित प्रती, पेपरबुक (अपिलाच्या कागदपत्रांचा बांधीव संच), हिंदी टायपिंग यांचा खर्च आहे. हाडांचे डॉक्टर साक्षीला हवेत. चेक किंवा रोख मंडळाच्या कार्यालयात, सायं. 6 ते 8, रविवार बंद, पावती घ्याच. ओळखीत जखमी कामगार असल्यास ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा योजनेचं) कार्ड आहे का ते आधी विचारा. असेल तर या कायद्याखाली दावा चालत नाही, ईएसआयकडेच जावं लागतं. दाव्याची मुदत दोन वर्षं. निकालाची प्रत त्याच दिवशी मागा. प्रतीला लागलेले दिवस साठात धरत नाहीत, अर्जाला लावलेला उशीर मात्र धरतात.

आपला,
चिटणीस