किती हॉर्सपॉवर, हे शेवटी विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीत मॉडिफाय केलेल्या गाड्यांवर अधूनमधून लेख येतात. फोटो झकास असतात, आकडेही असतात: अमुक गाडी १०५ हॉर्सपॉवरची होती, ती १४५ ची झाली. पण ते ट्यूनिंग, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या सेटिंगमध्ये केलेला बदल, कोणी केलं, कोणत्या पेट्रोलवर केलं, आणि सहा महिन्यांनी त्या इंजिनाची काय अवस्था होती, यावर ओळसुद्धा नसते. मग पोरं तेवढा आकडा मोबाइलवर दाखवत कुर्ला-कालिन्याच्या गॅरेजांतून फिरतात, आणि जो त्याहून मोठा आकडा सांगेल त्याच्या हाती किल्ली देतात. कार्ब्युरेटरच्या जमान्यापासून मी याच धंद्यात आहे, म्हणून चार शब्द लिहितो.

ट्यूनर अशी पाटी लावणारा प्रत्येक जण ट्यूनिंग करतोच असं नाही. बरेच जण फक्त फाईल टाकतात. गाडीच्या तपासणीसाठी असलेल्या ओबीडी सॉकेटला यंत्र जोडायचं, ईसीयूतला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला, मूळ प्रोग्राम वाचून घ्यायचा, तो कुठेतरी बाहेर पाठवायचा आणि तिकडून बदलून आलेला परत भरायचा. तासाभरात गाडी बाहेर. ज्याने बदल केले त्याने ना गाडी पाहिली, ना आपलं पेट्रोल. यात सरसकट वाईट काही नाही. गाडी कंपनीतून आली तशीच असेल आणि फाईल त्याच इंजिनावर भरपूर तपासलेली असेल, तर ती निभावते. पण डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बदललाय, इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो मोठा बसवलाय, इंजेक्टर वेगळे आहेत, अशा गाडीत तयार फाईल टाकणं म्हणजे बायपास झालेल्या माणसाला शेजाऱ्याच्या गोळ्या देणं. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा: मॅप, म्हणजे इंधन आणि ठिणगीचं कोष्टक, तुम्ही स्वतः लिहिता, की बाहेरून येतो? बाहेरून येत असेल तर लॉग, म्हणजे गाडी चालताना घेतलेल्या नोंदी, पाहून त्यात दुरुस्त्या कोण करणार, आणि किती वेळा? सरळ उत्तर मिळालं नाही, तर चहा पिऊन निघावं.

पेट्रोलचा मुद्दा तर कोणी काढतच नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची आपोआप न भडकण्याची क्षमता. आपल्याकडे साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१ ऑक्टेनचं मिळत आलं, आणि परदेशातल्या फायली बहुधा ९५ किंवा ९८ ऑक्टेन धरून बनवलेल्या असतात. ऑक्टेन कमी आणि ठिणगीचं टायमिंग पुढे ओढलेलं असलं, की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरमधलं उरलेलं हवा-इंधनाचं मिश्रण आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. जुन्या गाडीत ते टकटक ऐकू यायचं. आताच्या बंद काचांत आणि मोठ्या सायलेन्सरच्या आवाजात काही कळत नाही, कळतं ते पिस्टनच्या रिंगांजवळची कड तुटल्यावर. त्यात आता इथेनॉल आलं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं की तेवढ्याच हवेसाठी इंधन जास्त सोडावं लागतं. इंजेक्टर आधीच शेवटच्या टोकाला चालत असतील, तर वरच्या आरपीएमला मिश्रण लीन होणार, म्हणजे त्यात इंधन कमी पडणार, आणि बूस्टखाली, म्हणजे टर्बोच्या दाबाखाली, लीन चाललेलं इंजिन फार दिवस टिकत नाही. तुम्ही रोज कुठलं पेट्रोल भरता, हे जो विचारत नाही, त्याच्या हातात गाडी देऊ नये. पूर्वीचे मेस्त्री प्लग काढून रंग बघायचे, बिस्किटी असला की ठीक. आज मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर आहे, तरी मला अजून प्लग काढून बघणाराच माणूस आवडतो.

मुंबईची हवा हा आणखी एक घोळ. डिसेंबरात सकाळी, समोर मोठा पंखा लावून डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, काढलेला ग्राफ सुरेखच येणार. तीच गाडी मे महिन्यात दुपारी सायनपासून घाटकोपरपर्यंत रखडते, टर्बोची गरम हवा थंड करणारा इंटरकूलर तापून बसतो, आणि पुढे रस्ता मोकळा दिसल्याबरोबर मालक पाय दाबतो. तेव्हा इंजिनात जाणारी हवा किती तापलेली होती आणि ईसीयूने टायमिंग किती मागे घेतलं, हे लॉगमध्ये दिसतं. लॉग म्हणजे भर रस्त्यावर, पूर्ण थ्रॉटलवर घेतलेल्या नोंदी: मिश्रण, बूस्ट, हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं नॉकिंग. चांगला ट्यूनर त्या मागतो, समोर उघडून समजावतो आणि त्यावरून मॅप पुन्हा सुधारतो.

ओळखीतल्या एका मुलाबरोबर मी अंधेरीत एका ट्यूनरकडे गेलो होतो. त्याने लॅपटॉपला हातही लावला नाही. आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, मग गळती शोधायला इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या) पाइपात धूर सोडला. बंपरच्या मागे, इंटरकूलरच्या रबरी पाइपाला जिथे क्लिप असते तिथून धुराची बारीक रेघ निघाली. "हे आधी बदला, आज ट्यून नाही होणार," एवढंच म्हणाला आणि तपासणीचे पैसे घेतले. पोरगा रस्ताभर फुगून बसला होता. मला मात्र त्याच वेळी तो माणूस पटला.

डायनोबद्दल थोडक्यात. एका डायनोचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून त्याच दिवशी, त्याच यंत्रावर घेतलेला आधीचा आणि नंतरचा ग्राफ मागावा. नुसत्या वाढलेल्या ग्राफला अर्थ नाही. मूळ फाईलची प्रतही आपल्याकडे ठेवावी.

गिअरबॉक्सचं गणित वेगळंच असतं. फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआयच्या १.२ इंजिनाचा मूळ टॉर्क (फिरवण्याचा जोर) १७५ न्यूटन मीटर, आणि तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादा २५०. इंजिनातून याहून जास्त काढणं जमेलही, पण बिल क्लचचं येईल. हे आपणहून सांगणारे थोडे.

कायदाही गोड नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर क्लेम अडवू शकतो. डिझेल गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काढून देतो म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नये. तो काळा धूर शेवटी आपल्याच सिग्नलवर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या नाकात जातो.

तेव्हा पुढच्या वेळी अशा गाडीवर लेख छापाल, तेव्हा हॉर्सपॉवरच्या शेजारी इंधनाचं ऑक्टेन, डायनोची तारीख आणि ट्यूनिंगनंतर गाडी किती किलोमीटर चालली, हे तीन रकाने जरूर द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, मुलुंड (पूर्व)