ओंकार वसतिगृहातच राहील

कोल्हापूर,
24 जून

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

ओंकारचा प्रवेश झाला. बी.ए.ला, इतिहास घेऊन. वसतिगृहाचा अर्जही दिला आणि पैसेही भरले. फोनवर सांगितलं असतं तर आईनं डोळ्याला पदर लावला असता आणि बाबा नुसतेच गप्प बसले असते, म्हणून सगळं नीट लिहून कळवतेय. दोघांनी मिळून वाचा. ओंकारला यातलं सगळं माहीत आहे, अर्जावर सहीही त्यानंच केलीय.

सख्खी बहीण कोल्हापुरात असताना कमी दिसणारं पोरगं वसतिगृहात का, भावकीला काय तोंड दाखवायचं, हे तुमच्या मनात येणार. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिन्यात भर दुपारीसुद्धा अंधार असतो. आम्ही दोघंही सकाळी नऊला बाहेर पडतो ते सात वाजता येतो. पण जिन्यात दिवा लावता आला असता. मी त्याला ठेवून घेतलं नाही, कारण माझ्याजवळ राहिला तर त्याचं सगळं मीच करीन. अर्ज मी भरीन, सरांशी मी बोलेन, परीक्षेत त्याच्यासाठी लिहिणारा लेखनिक मी शोधीन. मी काम करते त्या समान संधी केंद्रात, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या कक्षात, माझ्यासमोर रोज अशी मुलं येतात. आईवडील पुढं बसून बोलतात आणि मुलगा खुर्चीमागं उभा राहतो. मुलगा हुशार असतो, पण कुठली मदत कुणाकडं, किती दिवस आधी आणि कशी मागायची हे त्यानं कधी केलेलंच नसतं. मग दुसऱ्या सत्रात आईवडील गावाकडं असतात, अर्जाची तारीख निघून जाते आणि पोरगं तिथंच अडकतं. ओंकारचं तसं होऊ द्यायचं नाही. मी चार किलोमीटरवर आहे, रविवारी तो जेवायला येईल, ताप आला तर मी रात्रीतून त्याला घरी आणीन. पण कॉलेजच्या ऑफिसात तो एकटा जाईल.

बाबा, आपले आजोबा कुठं राहून शिकले ते तुम्हीच सांगायचा. 1901 साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं कोल्हापुरात उभी राहिली, ती खेड्यातल्या पोरांना शिकताना डोक्यावर छप्पर असावं म्हणूनच ना? आपल्या घरात ही काही नवी गोष्ट नाही.

खोली तळमजल्यावर मागून घेतली. दाराबाहेर पडून उजव्या हाताची भिंत धरून चाललं की न्हाणीघर येतं, मधे पायरी नाही. व्हरांड्यात ट्यूबलाइट आहे, ती रात्रभर चालू ठेवायची असं रेक्टरांनी मान्य केलंय. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. त्यांच्या कडांवर दोन बोटं रुंद पिवळा पट्टा मारून घेतला. सिमेंटची पायरी सिमेंटच्याच रंगाची असते, त्याला तिचा काठ दिसत नाही आणि पडतो तो तिथंच. खाटेजवळ टेबलावरचा दिवा ठेवलाय. उजेड डाव्या खांद्यावरून वहीवर पडेल असा बसवलाय, म्हणजे लिहिताना हाताची सावली पडत नाही.

जेवणाचं आई, तू काळजी करू नको. भाकरी रोज असते, आमटी आपल्यासारखी तिखट नाही, पण तू चटणीची बरणी देशीलच. वाढणाऱ्या मावशींना मी एकच सांगून ठेवलंय, ताटात वाटी रोज उजवीकडं वर आणि भाजी डावीकडं, जागा बदलायची नाही. पांढऱ्या ताटलीत पांढरा भात त्याला दिसत नाही, म्हणून गडद निळी ताटली घेऊन दिलीय. तू घरी तसलीच एक आण. स्टीलच्या ताटावर दिव्याची चमक येते, त्यात त्याला काही उमगत नाही आणि आपण म्हणतो, नीट जेवत नाही.

त्याच्या डोळ्यांचं पुन्हा एकदा लिहिते, कारण गावात लोक काहीबाही सांगतात. रेटिनायटिस पिगमेंटोसा या त्याच्या आजारात डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशी कडेकडून मरत जातात. समोरचं अक्षर त्याला दिसतं, पण बाजूचं आणि पायाखालचं दिसत नाही. अंधार पडला की अजिबातच नाही. म्हणूनच तो पेपर वाचतो आणि दारातल्या बादलीला धडकतो. 'वाचताना बरं दिसतं' असं त्याला पुन्हा कुणी म्हणालं तर बाबा, तुम्ही त्याच्या बाजूनं बोला. कायद्यात नजरेचा आकडा आणि नजरेचा पल्ला, म्हणजे एका वेळी आजूबाजूचं किती रुंद दिसतं ते, दोन्ही धरतात. पल्ला 40 अंशांपेक्षा कमी आणि 10 अंशांपर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी, त्याच्याही खाली गेला तर अंधत्व. आज ना उद्या त्याला सीपीआरला, इथल्या सरकारी दवाखान्यात, परत तपासणीला नेऊन दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र बदलून घ्यावं लागेल. ते वाईट वाटून घ्यायचं काम नाही, त्यावर त्याच्या सवलती अवलंबून आहेत.

याच कारणानं वर्गात त्याला पहिल्या बाकावर बसवायचं नाही, हे मी सरांनाही सांगितलं. फळ्याच्या अगदी जवळ बसलं की अरुंद नजरेत फळ्याचा एकच तुकडा मावतो. दोन-तीन बाक मागं, फळ्याच्या मधोमध, खिडकीचा झोत तोंडावर येणार नाही अशी जागा त्याला बरी. मोठ्या टायपाच्या झेरॉक्सचंही तेच. अक्षर फार मोठं केलं तर एका नजरेत दोनच अक्षरं मावतात आणि वाचणं उलट मंदावतं. साधारण मोठं, ठळक आणि काळ्यावर पांढरं असलं की त्याला चालतं. फोनवर तो तसंच वाचतो.

डोळे दमले की ऐकून वाचायचं. पडद्यावरचं बोलून दाखवणारं टॉकबॅक फोनमध्ये आहेच, लॅपटॉपवर तसलंच एनव्हीडीए घालून दिलंय. ते फुकट मिळतं आणि मराठी वाचतं. फक्त नोट्स युनिकोडमध्ये टाइप केलेल्या हव्यात. ऑफिसात अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वापरतात. पडद्यावर ते मराठी दिसतं, पण आतून इंग्रजी अक्षरं असतात, त्यामुळं यंत्र निरर्थक बडबडायला लागतं. मग शिक्षकांना वाटतं की यंत्रच बिघडलंय. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून अक्षरं ओळखून घेता येतात, पण पान सपाट हवं आणि सावली नको. तरी घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते. इतिहासात नावं आणि सनावळ्या महत्त्वाच्या, तेवढ्या कुणीतरी एकदा मूळ पुस्तकाशी ताडून द्यायच्या. त्यासाठी एनएसएसच्या मुलांमधून दोघंजण ठरवलेत. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातही त्याचं नाव घालतेय, तिथं अशा विद्यार्थ्यांसाठीच तयार केलेली पुस्तकं मिळतात.

परीक्षेचं मात्र बाबा, नीट वाचा, कारण तुम्ही मागच्या खेपेला ज्या लेखनिकाचं म्हणाला होता त्याला बसवता येणार नाही. केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचनांमध्ये तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ दिलाय, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. आपला लेखनिक आपण आणला तर तो परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा असावा, असंही त्यातच होतं. तुमचा तो पाटलांचा मुलगा एम.ए. झालाय. पूर्ण अंध विद्यार्थ्यानं मागितलं की लेखनिक द्यावाच लागतो. ओंकारसारख्या अल्पदृष्टीला मात्र लिहिण्यात अडचण आहे असं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र सरकारी दवाखान्याच्या प्रमुखाच्या सहीनं लागतं. नुसतं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, दाखवून भागत नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी हे कळलेली पोरं मी रडताना पाहिलीत. म्हणून प्रमाणपत्र जुलैमध्येच काढायचं आणि अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्यायचा, पोच घेऊन.

लेखनिक दोन ठरवायचे. तेही विद्यार्थीच असतात, त्यांची परीक्षा त्याच आठवड्यात निघते किंवा कुणीतरी आजारी पडतं. त्यांच्याबरोबर तीन-चार जुने पेपर घड्याळ लावून सोडवायचे. सांगणाऱ्याला वाक्य तोडून, विरामचिन्हांसकट सांगायची सवय लागते आणि लिहिणाऱ्याला स्वतःचं काही न घालता लिहायची. प्रश्न आधी सगळे वाचून घ्यायचे, मग क्रम ठरवायचा. वेगळी खोली मागायची, नाहीतर बोलण्यानं बाकीची मुलं तक्रार करतात. उजेड चांगला असेल आणि हात चालत असेल तर ओंकार स्वतः लिहील, फक्त जादा वेळ घेईल. ते त्यानं ठरवायचं. आणि मामीला सांगा, त्यांच्या नंदूच्या हाताच्या अपंगत्वाचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आत आहे म्हणून लेखनिक मिळत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, लिहिण्यात खरी अडचण असेल तर 40 टक्क्यांची अट आडवी येता कामा नये, असा निकाल दिलाय.

हे सगळं मागताना ओंकारनं मान खाली घालायची नाही आणि आपणही 'साहेब, तेवढी मेहरबानी करा' असं म्हणायचं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत निदान 5 टक्के जागा ठेवायला सांगितल्यात, वयात 5 वर्षांची सूट दिलीय. कुणी अडवलंच तर आधी प्राचार्यांना लेखी द्यायचं, मग पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडं. पण बहुतेक वेळा तिथवर जावं लागत नाही. ऑफिसातल्या माणसाला नियमाचा कागद दाखवला की काम होतं, त्यालाही नियम माहीत नसतो एवढंच.

आता पांढऱ्या काठीचं. आई, मला माहीत आहे तुला ती नकोय. तो अजून दिवसाउजेडी बिनकाठीचा चालतो, मग लोकांना कशाला दाखवायचं, असं तू म्हणालीस. पण पावसाळ्यात इथं पाच वाजताच मळभ येतं, रस्त्याला खड्डे, कडेला लावलेल्या गाड्या, उघडी गटारं. काठी जमिनीपासून त्याच्या छातीच्या हाडापर्यंत येईल एवढ्या उंचीची घेतलीय, घडी घालून पिशवीत बसते. डावा पाय पुढं टाकताना टोक उजवीकडं, उजवा टाकताना डावीकडं, म्हणजे पाऊल जिथं पडणार ती जागा आधी तपासलेली असते. केएमटीचा, म्हणजे शहर बसचा, ड्रायव्हर काठी बघून गाडी जरा जास्त थांबवतो, मोटरसायकलवाला बाजूनं जातो. उन्हातून ग्रंथालयात शिरलं की त्याला काही मिनिटं काहीच दिसत नाही, तेव्हा दारातच थांबायचं हेही त्याला सांगितलंय. आणि तू त्याच्याबरोबर चालताना मनगट धरून ओढू नको. त्याला तुझं कोपर धरू दे आणि तू अर्धं पाऊल पुढं चाल. लहानपणी शिमग्याच्या जत्रेत मी हरवू नये म्हणून तू मला पदराचं टोक धरायला द्यायचीस, तसंच.

त्या ग्रहणाचं तू अजून मनात धरून बसलीस. विळी हातात घेतलीस म्हणून हे झालं नाही, आज्जी काही म्हणू दे. हा जनुकांतला बदल आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या न दिसता येतो आणि कुणाच्या तरी वाट्याला दिसतो. तुझ्याकडून काही कमी पडलं नाही. कृपा करून त्या औषधवाल्याकडं त्याला पुन्हा नेऊ नका. पैसे जातील ते जाऊ देत, पण दरवेळी ओंकारची आशा वाढते आणि मोडते, ते मला बघवत नाही. वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडं मात्र न्यायचंच. या आजारात मोतीबिंदू लवकर होऊ शकतो, पडद्याला सूज येऊ शकते, आणि या दोन्हींवर इलाज आहे.

घरात तो सुट्टीला येईल तेव्हा दारं एकतर पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवा, अर्धवट नको. घागर, पाट, सोप्यातली खाट जागची हलवायची नाही. हलवली तर त्याला सांगा.

बाबा, तुमच्यासाठी कामं. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला या आठवड्यात काढा, शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागेल. ओंकारचं नाव आधार, बारावीची गुणपत्रिका, बँक आणि यूडीआयडी या चारही ठिकाणी अक्षरशः एकच हवं. बारावीला 'ओमकार' पडलंय, ते मी इथून दुरुस्तीला दिलंय. त्याचं बँक खातं त्याच्या एकट्याचं आणि आधारला जोडलेलं असू दे, तुमच्याबरोबरच्या जॉइंट खात्याचा नंबर देऊ नका, तिथं पैसे अडकतात. ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नसतं, कॉलेजनं पडताळणी केल्यावरच तो पुढं सरकतो. ते ओंकार दर सोमवारी ऑफिसात जाऊन विचारेल. एसटीला त्याला 75 टक्के सवलत आहे, त्यामुळं गारगोटीला येणं-जाणं खर्चाचं नाही.

येत्या रविवारी त्याला घेऊन या. सकाळच्याच गाडीनं, म्हणजे उजेडात दोन-तीनदा वसतिगृह ते कॉलेज चालून होईल. बरोबर मूळ प्रमाणपत्र, पासपोर्ट आकाराचे दहा फोटो, सगळ्या कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स, चटणी, भडंग आणि त्याची ती जुनी गोधडी आणा. नवी सोलापुरी चादर आणू नका, त्याला त्याचीच लागते. बाबा, साखरेची गोळी प्रवासात चुकवू नका आणि स्टँडवर चहा बिनसाखरेचा सांगा. आई, गुडघ्याला पट्टा बांधून ये, इथं चालावं लागेल.

तुमची,
सुमी