सावद्याच्या नाना मिस्त्रींना जाहीर आभारपत्र

भुसावळ

आदरणीय नाना,
सविनय नमस्कार.

वडिलांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधला गोदरेजचा टाइपरायटर बंगळुरूला भाच्याकडे सुखरूप पोहोचल्याचे आपल्याला फोनवर कळवले आहेच. तरीही आपले आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी पहिले यंत्र मी गोधडीत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून पाठवले होते. ते पोहोचले तेव्हा कॅरेज, म्हणजे कागद धरून डावीउजवीकडे सरकणारा भाग, वाकले होते आणि त्याला ओढणारी पट्टी तुटली होती. दोष वाहतूकदाराचा नव्हता, माझ्याच बांधणीचा होता. गोदरेजने १९५५मध्ये सुरू केलेले टाइपरायटरचे उत्पादन केव्हाच थांबले असल्याने असा भाग आता भंगारातल्या दुसऱ्या यंत्रातूनच काढावा लागतो.

आपण मात्र यंत्राला हात लावण्याआधी मला कॅरेज चालवून दाखवायला सांगितलेत. केळीचा माल खोक्यात हलला की डागाळतो, तसेच हे, असे म्हणून आपण दोन्ही मार्जिनचे खटके मध्यावर आणून कॅरेज जागीच अडकवले, वर सुती नाडीने दोन्ही बाजूंनी सांगाड्याला बांधले, आणि रबरी पाय काढून त्याच छिद्रांतून बोल्ट घालत यंत्र जाड फळीवर कसून बसवले. थर्माकोलचे सुटे मणी मी हौसेने आणले होते. पंधरा किलोचे धूड त्यांतून खाली बसेल आणि चुरा टाइपबारमध्ये, म्हणजे अक्षरांच्या दांड्यांमध्ये, शिरेल, म्हणून ते आपण परत पाठवलेत. त्याऐवजी यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, एका खोक्यात दुसरे खोके ठेवून मधल्या दोन इंचांत फोम भरलात आणि बाहेर आलेल्या लिव्हरच्या बाजूला जागा जास्त सोडलीत. हातोड्याचे हादरे बसू नयेत म्हणून झाकणाला खिळ्यांऐवजी स्क्रू लावलेत. खोक्यावर ‘टाइपरायटर’ न लिहिता ‘काच’ लिहिलेत, कारण लोखंड म्हटले की हमाल आपटतो. या एका शब्दाला मी निम्मे श्रेय देतो.

मजुरी घेतली नाहीत, लाकडाचे तेवढे पैसे घेतलेत. त्याबद्दल माझी तक्रार कायम आहे.

भाच्याने नाडी सोडून पहिली ओळ टंकली, ती सरळ उमटली. खोका त्याने मोडलेला नाही. दिवाळीला येताना तो परत आणणार आहे, कारण माळ्यावर अजून एक यंत्र आहे. तेव्हा पुन्हा सावद्याला येईन.

आपला ऋणी,
एक भुसावळकर