आधी तुकडा तपासा, मग बोटाचे ठरवा

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतील नखाच्या कर्करोगावरचा लेख वाचला. ‘अशा वेळी बोट काढण्यावाचून गत्यंतर नसते’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी आजार कोणत्या टप्प्यावर आहे, एवढे तरी लेखकाने विचारात घ्यायला हवे होते.

माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाशेजारी खरखरीत, भेगाळलेली कातडी होती. चामखीळ म्हणून ती दोनदा जाळली, मग बुरशी म्हणून मलमे झाली. यात दोन वर्षे गेली. तुकडा काढून तपासावा असे कोणालाही वाटले नाही! अखेर तपासला तेव्हा बोवेनचा आजार निघाला, म्हणजे कर्करोग अजून कातडीच्या सर्वांत वरच्या थरातच होता. तरीही पहिल्या सर्जननी वरच्या सांध्यातून अंगठा काढायला सांगितले. मी शिवणकाम करते. सुईत दोरा कसा ओवू, असे विचारले तर ‘जीव मोठा की शिवण?’ असे ऐकून घ्यावे लागले. जिवावर बेतलेच नव्हते, तर हा प्रश्न मला का विचारला?

दुसऱ्या डॉक्टरांनी नख, त्याखालची कातडी आणि नख उगवते ते मूळ, आजूबाजूच्या थोड्या निरोगी कातडीसकट हाडापर्यंत काढले. कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि दंडाच्या आतल्या बाजूची कातडी तिथे लावली. नख पुन्हा येणार नाही. थंडीत टोक ठणकते, तपासणीला नियमित जावे लागते. पण अंगठ्याचे पेर वाकते, सुई धरता येते.

कर्करोग हाडात उतरला असेल तर बोट काढावे लागते, हे मलाही कळते. नखाखाली कातडी आणि हाड यांत अंतर फारच थोडे, म्हणून पूर्वी सर्रास बोटे काढली जात. पण वरच्या थरातच असलेल्या मेलॅनोमात, म्हणजे कातडीच्या रंगपेशींच्या कर्करोगातसुद्धा, आता बोट राखता येते. कालचा लेख वाचून एखादी बाई नखावरची रुंदावत चाललेली काळी रेघ, जी मेलॅनोमाची खूण असू शकते, भीतीने लपवून ठेवील, त्याचे काय? मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते, ही रेघ मुळापासून टोकापर्यंत तशीच राहते. एवढे तरी चौकटीत छापायचे.

आणि लेख हाताचा असताना छायाचित्र बँडेज बांधलेल्या पायाचे कसे? गेल्या महिन्यातही असेच झाले होते. तेव्हा मी पाठवलेले पत्र छापले गेले नाही.

पुढच्या पुरवणीत खुलासा यावा, तोही लेखाएवढ्याच ठळक अक्षरांत.

आपली,
एक जुनी वाचक